रेंजच्या कातळावरची दुर्गा

दुर्गाच्या घरी दार वाजवायची रीत नाही. सकाळी दारामागचा आडणा काढला की दिवेलागणीपर्यंत दार सताड उघडं. येणारा माणूस घरापुढच्या खळ्यातूनच "आसस काय गो?" म्हणून हाक घालतो आणि उत्तर मिळायच्या आत ओटीवर येऊन टेकलेला असतो. त्यामुळे त्या सकाळी उघड्या दारावर टक टक झाली, तेव्हा दुर्गाला आधी वाटलं की चौकटीवर सुतारपक्षीच बसला असणार.

ती चुलीपुढे घावणे काढत होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिचा मुलगा सर्वेश ताटली घेऊन बसला होता. सर्वेश सात वर्षांचा आहे आणि तो बोलत नाही. म्हणजे तोंडाने बोलत नाही. डॉक्टरांच्या कागदावर त्याला स्वमग्न म्हटलंय, गावात मुको म्हणतात, आणि कागदाने काय नि गावाने काय, एक शब्द चिकटवून दोघे मोकळे झाले. दुर्गाला तसं मोकळं होता येत नाही. सर्वेशच्या मांडीवर बापाचा जुना, काच तडकलेला फोन असतो. त्यात दुर्गाने काढलेले फोटो चौकोनात मांडलेले: घरची गाय, घरचा झोपाळा, पाण्याचा तांब्या, गुळाची ढेप, केळी. सर्वेशने चित्रावर बोट ठेवलं की फोनमधून दुर्गाच्याच आवाजात तो शब्द येतो. एवढीच त्याची वाणी, पण ती त्याची आहे.

"सर्वेशा, गूळ व्हयो काय चटणी?" असं विचारून दुर्गाने तोंड मिटलं होतं. पीठ तव्यावर घातलं, झाकण ठेवलं, घावणाच्या कडा सुटायची वाट बघत बसली. सर्वेशला साधारण एवढाच वेळ लागतो. विचारलेलं त्याच्या आत कुठेतरी लांब चालत जातं आणि उत्तर तेवढ्याच वाटेने परत येतं. मध्ये कोणी दुसरं काही बोललं की ते वाटेतच बसकण मारतं. मग सगळं पहिल्यापासून. त्याचं बोट उचललं गेलं होतं, गुळाच्या रोखाने निघालंही होतं, आणि दारावर टक टक झाली. बोट मागे गेलं ते गेलंच.

दारात शर्मिष्ठा उभी होती. पायात पांढरे बूट, हातात फोन लावायची काठी, चेहऱ्यावर हळदीकुंकवाला अध्यक्ष म्हणून बोलावलेल्या बाईचं हसू.

शर्मिष्ठा म्हणजे गुरुदासच्या, दुर्गाच्या नवऱ्याच्या, चुलतभावाची बायको. त्या चुलतभावाचं, दत्तप्रसादचं, बांद्याला हायवेलगत हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या वर यांचं बिऱ्हाड. ही बाई जन्मली तळेऱ्याच्या पलीकडे, लग्नापर्यंत मालवणीशिवाय दुसऱ्या भाषेत शिंकलीसुद्धा नव्हती, आणि आता म्हणते, आम्ही ना मुलांशी प्युअर मराठीच बोलतो. मधल्या काळात तिने बिनसाखरेचे केक शिकवले, वासाच्या मेणबत्त्या विकल्या, लिपस्टिकची एजन्सी घेतली. यातलं काहीही फार काळ धगीला टिकलं नाही. गेल्या दिवाळीपासून ती पालकत्व कोच झाली आहे. चार रविवार फोनसमोर बसून तिने कोर्स केला. सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट दुकानाशेजारच्या फ्लेक्सवाल्याकडून मोठं करून दिवाणखान्यात लावलं. तेव्हापासून तिचा चॅनेल आहे आणि ती त्यावर जगाला मुलांशी संवाद कसा साधावा ते सांगते. तिचा स्वतःचा ओमकार अकरा वर्षांचा आहे. तो खोलीला आतून कडी लावून बसतो. आई कशी आहे हे बघायचं तर त्यालाही चॅनेलच लावावा लागत असणार.

दुर्गाने तिला पाट दिला, पाणी दिलं, घावणाची ताटली पुढे केली. तिरस्कार आपल्या जागी आणि पाव्हणचार आपल्या जागी. कोकणात दोन्ही एकाच ताटलीत वाढता येतात.

आता दुर्गाला ही माणसं दिसताक्षणी ओळखू का येतात, तेही सांगायला हवं.

दुर्गा वेंगुर्ल्याची. तिथल्याच कॉलेजात बी.कॉम. झाली, काजूच्या एका कारखान्यात हिशेबाला बसली, आणि लग्न होऊन बांद्याच्या आतल्या बाजूला या गावी आली. इथे भात, काजी म्हणजे काजूची झाडं, चार आंबे आणि माणसापेक्षा जास्त बोलणारी भावकी. गुरुदास टेम्पो चालवतो. माणूस वाईट नाही, पण देवळात गुरव गाऱ्हाणं घालताना मागे उभ्या राहिलेल्या गर्दीतल्यासारखा जन्मभर जगला. पुढचा काय म्हणतोय ते पुरतं न ऐकता ठरल्या जागी "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळा. आईने काही सांगितलं, व्हय म्हाराजा. बायकोने बरोबर त्याच्या उलट सांगितलं, तरी व्हय म्हाराजा.

सर्वेश अडीच वर्षांचा झाला तरी हाकेला वळेना, शब्द उमटेना, तेव्हा दुर्गाने फोनवर शोधायला सुरुवात केली. गावात रेंज मिळते ती काजीच्या बागेच्या डोक्यावर, कातळावर. दुपारचं जेवण आटपलं की ही छत्री घेऊन कातळावर जाऊन बसायची. गावाने आधी कुजबुज केली, मग सवय करून घेतली.

"मुलगा बोलत नाही, काय करावं" असं तिने पहिल्यांदा टाकलं, तेव्हा सगळ्यात वर आलं ते गोरं व्हायचं क्रीम. त्याखाली कपाळभर गंध लावलेले एक गृहस्थ, मागे समई, ते सांगत होते की अशी मुलं म्हणजे पूर्वजांची राहून गेलेली इच्छा. त्याखाली पांढरा कोट घातलेले दुसरे. ते म्हणाले, पूर्वज वगैरे अंधश्रद्धा सोडा, विज्ञान काय सांगतं ते ऐका, सगळा दोष गव्हाचा. गहू बंद केला की मूल खात्रीने बोलणार. दुर्गाच्या घरी चपाती होते ती पाव्हणे आले तर. सकाळी घावणे नाहीतर पेज, दुपारी भात, रात्री भात. सर्वेशने जन्मात खाल्लेला गहू चिमणीने एका सकाळीत टिपून संपवला असता. तरी ती त्या वेळी इतकी घाबरलेली होती की तिने पाव्हण्यांच्या चपात्याही बंद केल्या. पाव्हणे रुसले, सर्वेश होता तसाच राहिला.

मग एक शहरातली बाई भेटली. तिच्या मागे मंद दिवे, उशा, झुलती खुर्ची. ती म्हणायची, घरातली एक खोली केवळ मुलाच्या संवेदनांसाठी राखून ठेवा. दुर्गाच्या घरात माजघर सोडलं तर एकच खोली, आणि ती सोललेल्या नारळांच्या संवेदनांसाठी आधीच राखून ठेवलेली. एका पानावर सगळं नीट, खरं, शास्त्रशुद्ध लिहिलेलं होतं, आणि शेवटी होतं की आपल्या जवळच्या केंद्राशी संपर्क साधा. सगळ्यात जवळचं केंद्र दुसऱ्या राज्यात होतं, आणि एक बस चुकली की दिवस गेला.

आयांच्या ग्रुपांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे सकाळी फुलं उमलत, दुपारी कुणाचा तरी चमत्कार होई आणि संध्याकाळी तोच चमत्कार बाटलीत भरून विकायला येई. मध्येच एखादी आई खरंच काही विचारायची, पोर डोकं आपटून घेतं हो, काय करू. तिला शंभर जणी हात जोडलेली चित्रं पाठवत आणि पॉझिटिव्ह राहा म्हणत. पॉझिटिव्ह राहून पोराच्या कपाळावरचं टेंगूळ कसं उतरतं, ते मात्र कुणी लिहीत नसे.

पण दुर्गा चिकट. कारखान्यात हिशेबाला असताना खवट काजूगर हाताला लागण्याआधी नाकाला लागायचा, तसं तिला हळूहळू होऊ लागलं. बोलण्याआधी फोन नंबर मागणारा खवट. "खात्रीने" हा शब्द वापरणारा त्याहून खवट. आणि ज्याच्या व्हिडिओत रडणारं मूल दिसतं, त्याचं तर टरफलसुद्धा घरात नको, कारण ज्याला पोर रडताना आधी फोन उचलावासा वाटतो त्याच्याकडून शिकायचं ते काय.

एवढं वेचून टाकल्यावर खाली थोडंसंच उरलं, पण जे उरलं ते चांगलं होतं. एका सरकारी इस्पितळाची पुस्तिका होती. वाकडीतिकडी स्कॅन केलेली, निम्मी पानं उलटी. पण घरच्या वस्तूंचे फोटो काढून मुलाला बोलायला द्या, त्याने जीभ आळसत नाही, हे तिच्यात साध्या मराठीत लिहिलेलं होतं. आयाबापांचा एक ग्रुप सापडला. तो एक निवृत्त नर्सबाई चालवते आणि औषध विकणाऱ्याला केरसुणीने झाडल्यासारखी बाहेर काढते. आणि एक व्हिडिओ. विदर्भाकडची कुणी बाई, मागे कुकरची शिट्टी होतेय, उजेड धड नाही. ती आपल्या लेकीला विचारते, "पोळी हवी की भात?" आणि मग व्हिडिओत काहीच होत नाही. दोघी बसून राहतात. दुर्गाला वाटलं रेंज गेली. तिने फोन हलवला, उभी राहिली, छत्री दुसऱ्या हातात घेतली. रेंज भरपूर होती. ती बाई वाट बघत होती. बऱ्याच वेळाने लेकीचा हात भाताच्या चित्राकडे गेला आणि व्हिडिओ संपला. बघणारे मोजकेच होते. खालच्या एकाच शेऱ्यात कुणीतरी लिहिलं होतं, फार बोअर.

दुर्गा कातळावरून उतरली ती तो कंटाळा शिकून. बांद्याच्या बाजारात अशा मुलांच्या आया भेटतात त्यांना ती तेवढंच पाठवते, उलट्या पानांची पुस्तिका, नर्सबाईचा ग्रुप आणि तो बोअर व्हिडिओ.

तर शर्मिष्ठेने घावण खाल्लं, छान झालंय पण मी राइस कमी केलाय म्हणाली, आणि फोन तुळशीवृंदावनाला टेकवून सर्वेशला खळ्यात ओढत नेऊन समोर बसवलं.

"हाय सर्वेश, ओळखलंस का मला? मी कोण? सांग बघू. काकी. म्हण काकी. का, की. इकडे बघ. बघ इकडे. का, की. म्हण ना. का..."

दोन शब्दांच्या मध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सर्वेशने दोन्ही कानांवर हात घेतले. शर्मिष्ठा फोनकडे वळून जगाला म्हणाली, "पाहिलंत? आय कॉन्टॅक्ट शून्य."

मग तिने बेत सांगितला. तीस दिवस. पहिल्या दिवशी सर्वेशचा फोन कपाटात. चित्र दाखवलं की मिळतं म्हणूनच तो बोलत नाही, त्याला गरजच वाटू नये असं तुम्ही करून ठेवलंय. तहान लागली तर "पा" म्हटल्याशिवाय तांब्या पुढे करायचा नाही. रोज ती येणार, रोज शूटिंग करणार, पहिला दिवस आणि तिसावा दिवस शेजारी शेजारी ठेवणार. सुरुवातीला रडेल, पण तेही घेऊ, लोकांना जर्नी कळायला हवी.

दुर्गाला रडण्याची भीती नव्हती. सर्वेश रडतो आणि थांबतो. तिला भीती होती ती थांबल्यानंतरची. मागून मिळत नाही हे एकदा त्याला कळलं की तो मागणंच सोडून देईल. गाय दाखवणार नाही, झोपाळा दाखवणार नाही, भिंतीकडे तोंड करून बसेल, जसा अडीच वर्षांचा असताना बसायचा. तिथून त्याला उंबऱ्यापर्यंत आणायला तिची वर्षं गेली होती. आणि ही बाई तीस दिवसांत त्याला परत भिंतीकडे नेऊन बसवणार आणि वर त्याच्या व्हिडिओला संगीत लावणार.

"वैनी," दुर्गा म्हणाली, "आधी तुमी तीस दिवस तुमचो फोन कपाटात ठेया. आणि माझ्याकडे पाणी मागताना जर्मन भाषेत मागा. येणा नाय म्हणालास तर मी म्हणान, गरज नाय वाटत तुमका."

शर्मिष्ठा हसली. दुर्गा डिफेन्सिव्ह होतेय, पण ते नॉर्मल आहे, मॉड्यूल दोनमध्ये हेच दिलंय, असं तिने सासूबाईंना समजावून सांगितलं.

सासूबाई, सत्यवती, ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना मॉड्यूल कळलं नाही, पण "तीस दिवसांत बोलेल" एवढं कळलं. सुपातला हात थांबला. सर्वेश हा त्यांचा एकुलता नातू, आणि त्याच्या तोंडून आजवर एकदाही त्यांना हाक ऐकू आली नव्हती. फोनमध्ये त्यांचाही फोटो आहे, बोट ठेवलं की "आजी" उमटतं, पण ते सुनेच्या आवाजात. सुनेच्या आवाजात सुनेने आजी म्हटल्याचं कौतुक कुठल्या सासूला असतं.

"एकदा तेच्या तोंडातसून ऐकूक गावला असता तर," त्या म्हणाल्या. शर्मिष्ठेची कीव करता येते, खिल्ली उडवता येते. म्हातारीच्या त्या वाक्याचं काय करायचं, ते कातळावर कुठे सापडलेलं नव्हतं.

गुरुदास टेम्पो पुसत होता. त्याला विचारलं तर तो आईला व्हय म्हणाला, वहिनीला व्हय म्हणाला, आणि दुर्गाकडे बघून पुन्हा टेम्पो पुसू लागला.

मग सत्यवतीबाईंनीच तोड काढली. देवीक इचारूया. कौल लावूया.

लग्न, विहीर, घरभरणी, कुणी घर सोडून गेलं तर ते परत येईल का, सगळं या गावात ग्रामदेवी पावणाईला विचारून होतं. शर्मिष्ठेला बेत पसंत पडला. देवळाचे व्हिज्युअल्स छान येतात म्हणाली. दुर्गानेही मान हलवली. चार रविवारच्या सर्टिफिकेटपेक्षा देवीचा पाषाण बरा. निदान त्याने कधी कुणाला खात्रीने म्हटलेलं नाही.

चालत देऊळ गाठेपर्यंत शर्मिष्ठा बोलत होती. पायरीवर तिने ओटीच्या ताटातलं केळं एका हातात, पर्समधलं चॉकलेट दुसऱ्या हातात धरून सर्वेशच्या नाकापुढे नाचवलं. "बाळा, काय हवं? केळं की चॉकलेट? केळं? चॉकलेट? चॉकलेट ना? व्हेरी गुड." आणि चॉकलेट त्याच्या खिशात खुपसून ती चप्पल, म्हणजे बूट, काढायला वाकली. सर्वेश केळ्याकडे बघत राहिला. दुर्गाने त्याला उचलून आत नेलं.

शिवा गुरवाने आधी शर्मिष्ठेला फोन पर्समध्ये घालायला लावला. मग विचारणं पक्कं करून घेतलं, कारण देवीला आडवंतिडवं विचारलेलं चालत नाही. ठरलं ते असं. पोराचा फोन बंद करून पोरगा शर्मिष्ठेच्या हाती द्यायचा का? द्यायचा असेल तर उजवी, नसेल तर डावी. त्याने तुळशीची दोन पानं पाण्यात भिजवली, देवीच्या दोन्ही खांद्यांना एक एक चिकटवलं. ज्या खांद्यावरचं पान आधी पडेल ती देवीची बाजू. मग मागे सरून त्याने गाऱ्हाणं घातलं. ह्या घरच्या लेकराक वाचा नाय, आवशीबापाशीक वाट सुचणा नाय, तुझ्या पायाकडे इली आसत, काय ती वाट दाखव. "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यात ठणठणीत गुरुदास.

आणि मग कुणीच काही बोललं नाही.

ओलं पान पाषाणावरून लगेच सुटत नाही. देऊळ गार होतं. समईची वात तडतडली तेवढाच आवाज. सत्यवतीबाई हात जोडून उभ्या, नजर उजव्या खांद्यावर. गुरुदासची डाव्या. दुर्गा खांबाला टेकून सर्वेशला मांडीवर घेऊन बसली, आणि पानांकडे बघायचं सोडून माणसांकडे बघू लागली. सकाळपासून तोंडाला खीळ नसलेली शर्मिष्ठा, ओठ मिटून, डोळे उघडे ठेवून, गरीब गाईसारखी उभी होती. देवीला ती म्हणत नव्हती, सांग ना, उजवी दे, उज, वी, बघ इकडे. पाषाणाचे चांदीचे डोळे समोरच्या भिंतीकडे लागलेले होते, पण आय कॉन्टॅक्ट शून्य असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. ही उत्तर द्यायला वेळ लावते म्हणून हिला कळत नाही, असं आजवर गावात कुणी म्हणालेलं नाही. उलट जितका वेळ लागेल तितकी माणसं आणखी वाकतात. याच माणसांना घरातल्या जित्या पोरासाठी एक घावण उलटेपर्यंत दम निघत नाही. दुर्गाला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

मांडीवर सर्वेश हलला. त्याचे हात कानांवरून खाली आले होते. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या आजूबाजूला कुणी बोलत नव्हतं, आणि आत कुठेतरी वाटेत बसलेलं काहीतरी उठून चालू लागलं होतं. त्याने फोन ओढून घेतला. बोट वर गेलं, थोडं थांबलं, खाली आलं.

"केळा," दुर्गाच्या आवाजात फोन म्हणाला, आणि गाभाऱ्यात तो आवाज घुमला.

सगळे दचकून वळले. सर्वेशने पुन्हा बोट ठेवलं. "केळा." मग खिशातलं चॉकलेट काढून त्याने ते जमिनीवर, आपल्यापासून लांब ठेवलं.

"काय म्हणता तो?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"मघाशी पायरेर वैनीन इचारल्यान हुता," दुर्गा म्हणाली. "केळा काय चॉकलेट. तेचा उत्तर सांगता."

"मघाशी?" म्हातारी म्हणाली. "मघाशी इचारलेला तेच्या अजून ध्यानात आसा?"

"नेहमीच आसता."

शिवा गुरव गालात हसला. ओटीच्या ताटातलं केळं देवीच्या पायांना लावून त्याने सर्वेशच्या हातात दिलं. सर्वेशने ते सोलायला आजीपुढे धरलं, आणि सत्यवतीबाई कौल विसरून तिथेच खाली बसल्या. केळं सोलताना त्या नातवाच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू तिथे काही आधीपासून लिहिलेलं होतं आणि त्यांनी चष्मा आज लावला.

मग गुरुदासच्या लक्षात आलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवरची पानं खाली पडलेली होती.

"आधी खयचा पडला?" शिवाने विचारलं.

"उजवं," शर्मिष्ठा म्हणाली. "मी स्वतः पाहिलं."

"तुमची देवीकडे पाठ हुती, वैनी," शिवा म्हणाला.

शर्मिष्ठेने मग पुन्हा लावा म्हणून सांगितलं. शिवा मान हलवत उभा राहिला. एकच गोष्ट देवीला एका दिवसात दोनदा विचारायची नसते. तिने उत्तर दिलं होतं, ऐकायला कुणी नव्हतं, त्यात तिचा काय दोष. आता पुढच्या सोमवारी. शर्मिष्ठा म्हणाली, हरकत नाही, सोमवारपर्यंत आपण ट्रायल बेसिसवर सुरू तर करू, मी काय सांगते, पहिल्या दिवशी फक्त...

सत्यवतीबाईंनी केळ्याची साल धरलेला हात वर केला. शर्मिष्ठेचं वाक्य तिथेच राहिलं. म्हातारीने सुनेकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने दुर्गाला पुष्कळ काही सांगितलं होतं, विचारलं मात्र कधी नव्हतं.

"तुका काय व्हया गो?" तिने विचारलं, आणि गप्प राहिली.

दुर्गाकडे सांगण्यासारखं खूप होतं. क्रीमवाले, गंधवाले, गहूवाले, तीस दिवसवाले, प्रत्येकाच्या नावाने एक एक शिवी तिने कातळावर बसून घडवून ठेवली होती, आणि शर्मिष्ठेच्या वाटणीची तर ओठांपर्यंत आली होती. सर्वेश केळं खात होता. तिने ती शिवी गिळली.

"तेका काय इचारलास," ती म्हणाली, "तर वायच रवा, तेची वाट बघा. आता देवीसाठी रवलास, तितक्याच."